फ्रँकलिनचे शुद्धिपत्र

गेल्या अंकाच्या शेवटच्या पानावर सामान्य ज्ञानाची जी चौकट होती, तिच्यात आमच्याकडून दोन चुका छापल्या गेल्या. बेंजामिन फ्रँकलिन हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते, असे आम्ही लिहिले. त्यांच्या पतंगावर वीज पडली आणि त्यातून विजेचा शोध लागला, असेही लिहिले. अंक वाटून झाल्यावर मोठ्या गटातल्या एका विद्यार्थिनीने आम्हांला सांगितले की दोन्ही गोष्टी चूक आहेत. घरी जाऊन आम्ही पुस्तके उघडली. तिचे म्हणणे बरोबर होते.

खरे तर दोन ओळींचे शुद्धिपत्र देऊन भागले असते. परंतु वाचता वाचता असे लक्षात आले की ज्यांच्याविषयी आम्ही चूक केली, त्या गृहस्थांनी जन्मभर लोकांचे गैरसमज दूर करण्याचे काम केले, आणि त्याहून अवघड म्हणजे स्वतःच्या चुकांचेही शुद्धिपत्र ठेवले. तेव्हा मुलांनो, या वेळी चौकटीऐवजी पूर्ण लेखच देत आहोत. पालकांनीही वाचावा. यातले काही गैरसमज मुलांपेक्षा आपल्यातच जास्त आहेत.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बॉस्टन येथे झाला. वडील जोसाया साबण आणि मेणबत्त्या बनवीत. घरात एकूण सतरा भावंडे, त्यांत बेंजामिन पंधरावा आणि मुलग्यांत सर्वांत धाकटा. शाळा मिळाली ती जेमतेम दोन वर्षे. दहाव्या वर्षी तो वडिलांच्या हाताखाली मेणबत्त्यांच्या वाती कापू लागला. ते काम त्याला आवडेना. वाचनाची मात्र विलक्षण आवड. म्हणून बाराव्या वर्षी त्याला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारीला ठेवले.

त्या काळचा छापखाना कसा असे, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. प्रत्येक अक्षराचा शिशाचा एकेक खिळा असे. असे शेकडो खिळे हाताने एकेक करून जुळवायचे, तेही उलटे, आरशातल्यासारखे. मग शाई लावून कागद दाबायचा. एखादा खिळा चुकला की शब्द चुकला. पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर पुन्हा छापणे परवडत नसे. मग शेवटी एक पान जोडीत. आजीच्या कपाटातले एखादे जुने मराठी पुस्तक उघडून पाहा. मागे शुद्धिपत्र असते: पान अमुक, ओळ अमुक, अशुद्ध असे, शुद्ध असे. पुढे म्हातारपणी फ्रँकलिननी आत्मचरित्र लिहिले, तेव्हा आयुष्यातल्या चुकांना त्यांनी पाप किंवा गुन्हा असा शब्द न वापरता छापखान्यातला हाच शब्द वापरला. छपाईची चूक जशी ओळखून, नोंदवून दुरुस्त करायची असते, तशी आयुष्यातली चूकही.

त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा वाद याच छापखान्यात झाला. १७२१ साली बॉस्टनमध्ये देवीची साथ आली. गावाची वस्ती अकरा हजारांच्या आसपास. त्यांतल्या पाच हजारांहून अधिक लोकांना देवी आल्या आणि ८४४ माणसे मेली. म्हणजे आजारी पडलेल्या दर शंभरात सुमारे चौदा. कॉटन मॅदर नावाच्या धर्मोपदेशकाला त्याच्याकडच्या ओनेसिमस या आफ्रिकी गुलामाने आपल्या देशातली एक रीत सांगितली होती: देवी आलेल्या माणसाच्या फोडातला थोडा पू निरोगी माणसाच्या हातावर छोटी जखम करून त्यात घालायचा. त्याला सौम्य देवी येतात आणि नंतर तो जन्मभर सुरक्षित राहतो. डॉक्टर बॉयल्स्टन यांनी धैर्य करून सुमारे २४० लोकांना असे टोचले, आपल्या मुलापासून सुरुवात केली. त्यांतले सहा दगावले. म्हणजे शंभरात दोन-तीन.

आज हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की उत्तर समोर दिसते. पण तेव्हा गाव खवळले. निरोगी माणसाला मुद्दाम रोग द्यायचा, हे लोकांना वेडेपणाचे वाटले. मॅदरच्या घरात खिडकीतून पेटता बॉम्बगोळा फेकण्यापर्यंत मजल गेली. सुदैवाने तो फुटला नाही. जेम्स फ्रँकलिनने त्याच वर्षी सुरू केलेले वर्तमानपत्र टोचण्याच्या विरोधात होते. आणि पंधरा वर्षांचा बेंजामिन त्याच छापखान्यात उमेदवार होता. म्हणजे या गोष्टीचा नायक सुरुवातीला चुकीच्या बाजूच्या छापखान्यात उभा होता, हे लक्षात ठेवा.

भावाचे आणि त्याचे पटेना. १७२३ साली, सतराव्या वर्षी, तो बॉस्टनहून पळाला आणि फिलाडेल्फियाला आला. उमेदवारीचा करार मोडून पळणे ही त्याने पुढे स्वतःच्या शुद्धिपत्रात घातलेली एक चूक. भावाच्या मृत्यूनंतर पुतण्याला शिकवून, छपाईचा धंदा लावून देऊन त्याने ती आपल्या परीने दुरुस्त केली.

फिलाडेल्फियात कष्टाने जम बसला. १७२८ मध्ये स्वतःचा छापखाना, १७२९ मध्ये पेनसिल्व्हेनिया गॅझेट हे वर्तमानपत्र, आणि १७३२ च्या अखेरीपासून दरवर्षी एक पंचांग. लोकांना पुस्तके विकत घेणे परवडत नाही म्हणून १७३१ मध्ये वर्गणी गोळा करून ग्रंथालय काढले. घरांना आगी लागतात म्हणून १७३६ मध्ये आग विझवणाऱ्या नागरिकांची तुकडी उभारली. शेजाऱ्यांनी एकत्र यायचे, अडचण नीट समजून घ्यायची, आणि जमेल तेवढी सोडवायची, अशी ही कामाची पद्धत.

त्याच १७३६ सालच्या नोव्हेंबरात त्यांच्या घरात सर्वांत मोठे दुःख आले. फ्रान्सिस हा चार वर्षांचा मुलगा देवीने गेला. तोपर्यंत फ्रँकलिनचे मत पूर्ण बदललेले होते. टोचण्याचा फायदा आकड्यांनी पटल्यामुळे ते आपल्या पत्रातून त्याचा पुरस्कार करीत होते. मग स्वतःच्या मुलाला का टोचले नाही? त्याला बरेच दिवस जुलाब होत होते, अंगात शक्ती नव्हती. तो जरा सुधारला की टोचू, असे म्हणता म्हणता साथ घरात शिरली.

गावात लगेच अफवा उठली की फ्रँकलिनच्या मुलाला टोचले होते आणि म्हणूनच तो गेला. विचार करा, मुलांनो. घरात असे दुःख असताना लोकांच्या बोलण्याकडे कोण लक्ष देईल? गप्प बसले असते तर कोणी दोष दिला नसता. उलट खरे सांगायचे म्हणजे आपल्याला टोचणे पटत असूनही आपण उशीर केला, हे चारचौघांत कबूल करायचे. डिसेंबरच्या अखेरीस फ्रँकलिननी आपल्या पत्रात छापले की मुलाला टोचले नव्हते, देवी त्याला नेहमीच्या मार्गानेच आल्या, आणि त्याला टोचण्याचा आपला विचार होता. कारण सरळ होते. ती अफवा तशीच राहिली असती तर इतर आईबापांनी भिऊन आपली मुले टोचली नसती, आणि त्यांतली काही मेली असती.

पुढे त्यांना मुलगी झाली, सारा. तिला त्यांनी वेळेवर टोचून घेतले. १७५९ साली लंडनमध्ये असताना डॉक्टर हेबर्डन यांच्या साह्याने त्यांनी एक पुस्तिका काढली. टोचलेले किती, त्यांत मेलेले किती, न टोचलेले किती, त्यांत मेलेले किती, असा हिशेब तिच्यात होता. ती अमेरिकेत फुकट वाटली. तरीही आत्मचरित्रात त्यांनी लिहून ठेवले की फ्रान्सिसला न टोचल्याची खंत आपल्याला जन्मभर राहिली. ते त्यांनी स्वतःसाठी लिहिले नाही. टोचल्यावर मूल दगावले तर आपण स्वतःला क्षमा करणार नाही, या भीतीने जे आईबाप मागे राहतात, त्यांच्यासाठी लिहिले. काही न करणे हाही एक निर्णय असतो आणि त्याचाही पश्चात्ताप होतो, एवढेच त्यांना सांगायचे होते.

ही हकीगत आपल्यापासून फार दूरची नाही. १७९६ मध्ये इंग्लंडात एडवर्ड जेनर यांनी गायीच्या देवीची, म्हणजे खूपच सुरक्षित अशी लस दिली. ती भारतात पोचली तेव्हा पहिली टोचणी झाली मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. आपल्याकडे या रोगाचे नावच देवी. देवीचा कोप म्हणून लोक तो निमूट सोसत. तुमच्या आजी-आजोबांच्या दंडावर टोचल्याचा गोल व्रण असेल तर तो जरूर पाहून घ्या. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. म्हणूनच तुमच्या दंडावर तो व्रण नाही.

आता आमच्या दुसऱ्या चुकीकडे, म्हणजे पतंगाकडे वळू. विजेचा शोध फ्रँकलिननी लावला नाही. घासलेल्या काचेची आणि राळेची ओढ, ठिणग्या, वीज साठवणारी लायडनची बरणी, हे सर्व त्यांच्या आधी माहीत होते. १७४६-४७ च्या सुमारास लंडनच्या पीटर कॉलिन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयाला एक काचेची नळी पाठवली आणि चाळिशीतल्या या छापखानेवाल्याला विजेचे वेड लागले. घासल्याने वीज निर्माण होत नाही, ती एकीकडून दुसरीकडे जाते. एकीकडे जेवढी वाढते, तेवढीच दुसरीकडे कमी होते. हा त्यांचा खरा शोध. वाढलेल्या बाजूला त्यांनी धन म्हटले, कमी झालेल्या बाजूला ऋण. आज प्रत्येक बॅटरीवर अधिक आणि उणे अशी जी खूण असते, ती तिथून आली.

यातही एक गंमत आहे. वाढ नेमकी कोणत्या बाजूला, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी अंदाज केला. १८९७ मध्ये जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा कळले की अंदाज उलटा पडला होता. तारेतून प्रत्यक्षात वाहणारे इलेक्ट्रॉन ऋण असतात. म्हणून आम्ही अभियांत्रिकी शिकताना विद्युतप्रवाहाचा बाण एका दिशेला काढीत होतो आणि इलेक्ट्रॉन विरुद्ध दिशेला जात होते. जगभरचे विद्यार्थी आजही तसेच काढतात. ही दुरुस्ती कोणी करीत बसले नाही, कारण दोन्ही बाजूंची नावे सगळीकडे सारखीच वापरली तर हिशेब बरोबर येतो.

आकाशातली वीज आणि बरणीतली ठिणगी एकच, हे सिद्ध करण्याचा प्रयोग फ्रँकलिननी १७५० मध्ये सुचवला. तो पहिल्यांदा झाला फ्रान्समध्ये, १० मे १७५२ रोजी, मार्ली गावात. दालिबार यांनी तिथे उंच लोखंडी सळी उभारली होती आणि ढग आल्यावर तिच्यातून ठिणग्या निघाल्या. ती बातमी फिलाडेल्फियाला पोचण्यापूर्वी जून महिन्यात फ्रँकलिननी पतंग उडवला, असे त्यांचे मित्र जोसेफ प्रिस्टली यांनी १७६७ च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे. चित्रांत त्यांच्या शेजारी लहान मुलगा दाखवतात. प्रत्यक्षात तो मुलगा विल्यम तेव्हा विशीतला तरुण होता.

पतंगावर वीज पडली नाही. पडली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. गडगडणाऱ्या ढगाखालच्या हवेतही विद्युतभार असतो. पावसाने भिजलेल्या सुतळीतून तो खाली आला आणि टोकाला बांधलेल्या किल्लीत उतरला. हातात धरायला कोरडी रेशमी फीत होती आणि ती कोरडी राहावी म्हणून फ्रँकलिन आडोशाला उभे होते. सुतळीचे तंतू ताठ उभे राहिले. किल्लीजवळ बोटाचे पेर नेताच ठिणगी उडाली. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान नावाचे प्राध्यापक अशाच प्रयोगात विजेने ठार झाले. म्हणून मुलांनो, हा प्रयोग कोणीही करून पाहायचा नाही. तो करून झालेला आहे.

या ज्ञानाचा उपयोग फ्रँकलिननी लगेच घरांच्या छपरांवर केला. तोपर्यंत युरोपात वादळ आले की चर्चच्या घंटा वाजवीत. घंटानादाने वीज पळते, अशी समजूत. म्हणजे गावातल्या सर्वांत उंच मनोऱ्यात, ओली दोरी हातात धरून, एक माणूस उभा. कित्येक जण त्यात मेले. फ्रँकलिननी सांगितले की छपरावर लोखंडी सळी लावा, तिला जाड तार जोडा आणि ती ओल्या जमिनीत खोल पुरा. हाच तडितरक्षक. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही. स्वतः तयार केलेल्या शेगडीचेही घेतले नाही. विरोध इथेही झाला. १७५५ मध्ये बॉस्टनला भूकंप झाला, तेव्हा एका धर्मोपदेशकाने त्याचा दोष या सळ्यांनाच दिला. आकाशातली वीज जमिनीत उतरवल्यामुळे जमीन हादरली, असे त्याचे म्हणणे.

तडितरक्षकाबाबत फ्रँकलिनचीही एक समजूत टिकली नाही. टोकदार सळी ढगातली वीज हळूहळू शोषून घेते आणि ढग निवळतो, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात सळी ढगाला रिकामे करीत नाही. वीज पडायची ती पडते, फक्त घराऐवजी तारेतून जमिनीत जाते. टोक अगदी अणकुचीदारच हवे, हा त्यांचा आग्रहही २००० साली न्यू मेक्सिकोतल्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगांनी मोडला. किंचित बोथट टोक जास्त चांगले काम करते, असे दिसले. सल्ला बरोबर, कारण अर्धवट. विज्ञानात असे नेहमी होते.

विजेचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडचे गैरसमजही दुरुस्त करून घेऊ. पायाळू माणसावर वीज पडते, असे आपल्याकडे म्हणतात. जन्मताना पाय आधी आले की डोके, याचा विजेशी काही संबंध नाही. एकदा पडली तिथे पुन्हा पडत नाही, हेही खोटे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर ती वर्षातून वीसएक वेळा पडते. रबरी चपलांनी बचाव होत नाही. मोटारीत आपण सुरक्षित असतो ते टायरमुळे नव्हे, तर सभोवतीच्या धातूच्या पत्र्यामुळे. वीज अंगावर पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो, ही समजूत तर जिवावर बेतणारी आहे. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. ताबडतोब मदत केली तर तो वाचू शकतो. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलात, वळवाचा पाऊस आला, तर झाडाखाली धावू नका. पक्क्या घरात जा.

आता पालकांसाठी, विशेषतः आजीमंडळींसाठी. ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस, सर्दी होईल, हे वाक्य ज्या मुलाने ऐकले नाही असे मूल आमच्या वर्गात नसेल. फ्रँकलिनच्या काळी तर रात्रीची हवा, ओले कपडे, दमट पुस्तके, सगळ्यांनाच सर्दीचा दोष देत. त्यांनी निरीक्षण केले की खलाशी दिवसभर ओले असतात आणि त्यांना सर्दी होत नाही. उलट बंद खोलीत, बंद गाडीत लोक दाटीवाटीने बसले की सर्दी एकाची दुसऱ्याला होते. १७७६ च्या सप्टेंबरात फ्रँकलिन आणि जॉन ॲडम्स इंग्रज सेनापतीला भेटायला निघाले असता न्यू जर्सीत, न्यू ब्रन्सविकच्या खाणावळीत, त्यांना एकच लहान खोली मिळाली. ॲडम्सनी रात्रीच्या हवेच्या भीतीने खिडकी बंद केली. फ्रँकलिननी ती उघडायला लावली आणि अंथरुणात पडल्या पडल्या आपला सिद्धांत समजावू लागले. तो ऐकता ऐकता ॲडम्सना झोप लागली.

विषाणू म्हणजे काय, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. आज आपण जाणतो की सर्दी विषाणूंमुळे होते आणि ती माणसाकडून माणसाकडे जाते. नुसत्या थंडीने सर्दी उत्पन्न होत नाही. थंडीत ती जास्त दिसते त्याचे एक कारण म्हणजे आपण दारेखिडक्या लावून एकत्र बसतो. मात्र जास्त खाणे आणि कमी व्यायाम यांनीही सर्दी होते, असे फ्रँकलिनना वाटे. ते काही खरे ठरले नाही. आजीच्या बाजूने एवढे सांगू की सर्दीचा एक प्रमुख विषाणू शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा नाकातल्या थोड्या गार जागेत जास्त चांगला वाढतो. तेव्हा टोपी घाला, पण हातही धुवा.

१७८४ मध्ये फ्रँकलिन अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसजवळ पासी येथे राहत होते. वय अठ्ठ्याहत्तर. तेव्हा मेस्मर नावाच्या वैद्याने शहरात धुमाकूळ घातला होता. आपण अदृश्य चुंबकशक्तीने रोग बरे करतो, असा त्याचा दावा. लोक थरथरत, किंचाळत, बेशुद्ध पडत. फ्रान्सच्या राजाने चौकशीसाठी समिती नेमली. तिच्यात फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने जर्दाळूचे एक झाड चुंबकशक्तीने भारले. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून वेगवेगळ्या झाडांजवळ नेले. तो चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडला. भारलेले झाड ते नव्हतेच.

मुलगा लबाड नव्हता. त्याला खरोखरच काहीतरी होत होते, पण ते झाडामुळे नव्हते, कल्पनेमुळे होते. समितीने हेच लिहिले. डोळे बांधून परीक्षा घेण्याची ही युक्ती फार मोलाची ठरली. आज नवे औषध तपासतात तेव्हा खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला, हे रोग्याला आणि बहुधा डॉक्टरलाही सांगत नाहीत. एखाद्या अंगठीने किंवा खड्याने आपल्याला गुण आला असे कोणी म्हणाले, तर त्या माणसाला हसू नका. न सांगता खडा बदलला तर काय होईल, एवढाच प्रश्न मनात विचारा.

इथवर फ्रँकलिननी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या. सर्वांत अवघड दुरुस्ती मात्र स्वतःची होती आणि तिला फार उशीर लागला. त्यांच्या घरी अनेक वर्षे गुलाम होते. त्यांच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात आणि त्यांचे पैसे ते घेत. १७५१ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी म्हटले की गुलाम हे स्वभावानेच चोर असतात. १७६३ मध्ये ते फिलाडेल्फियातली काळ्या मुलांची शाळा पाहायला गेले. ती मुले वाचताना पाहून त्यांनी एका पत्रात कबूल केले की या मुलांची बुद्धी गोऱ्या मुलांइतकीच आहे, आपला समज चुकीचा होता. १७६९ मध्ये तो जुना निबंध पुन्हा छापताना त्यांनी तेवढे वाक्य बदलले. दोष माणसांच्या स्वभावाचा नव्हे, गुलामगिरीच्या स्वरूपाचा, असा अर्थ केला. छापखानेवाल्याने केलेली दोन-चार शब्दांची दुरुस्ती, पण ती करायला अठरा वर्षे लागली.

१७८७ मध्ये ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १७९० मध्ये त्यांच्या सहीने गुलामगिरी बंद करण्याचा अर्ज अमेरिकेच्या काँग्रेसपुढे गेला. काँग्रेसने तो बाजूला ठेवला. त्यानंतर दोन महिन्यांनी, १७ एप्रिल १७९० रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी फ्रँकलिन वारले.

सगळ्या चुका दुरुस्त झाल्या असे मात्र नाही. पत्नी डेबोरा १७७४ मध्ये गेली, तेव्हा ते लंडनला होते आणि दहा वर्षे त्यांनी तिला पाहिले नव्हते. पतंग उडवताना शेजारी उभा असलेला विल्यम पुढे न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला आणि स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिला. बापलेकांचे पुन्हा कधी जुळले नाही. जगाला पत्रे लिहून समजावणाऱ्या माणसाला घरातले हे पान नीट करता आले नाही.

आता आमचे शुद्धिपत्र. बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कधीच नव्हते. १७८५ ते १७८८ या काळात ते पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होते. शंभर डॉलरच्या नोटेवर चित्र आहे म्हणून तसा समज होतो. मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करायची पद्धतही त्यांनी काढली नाही. १७८४ मध्ये पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात त्यांनी लोकांना सूर्योदयाला तोफा उडवून जागे करण्याचा विनोदी लेख लिहिला होता, घड्याळाला हात लावा असे त्यात नव्हते. तेव्हा त्या रविवारी अर्धा वर्ग उशिरा येतो, त्याचे खापर त्यांच्यावर फोडू नये. आणि त्यांच्या पतंगावर वीज पडली नाही.

फिलाडेल्फियाच्या दफनभूमीत, आर्च रस्त्याच्या कोपऱ्यावर, त्यांची आणि डेबोराची साधी शिळा आहे. तिच्यावर दोघांची नावे आणि साल, एवढेच आहे. बाविसाव्या वर्षी त्यांनी गमतीने आपल्या थडग्यासाठी मजकूर तयार केला होता. त्यात त्यांनी स्वतःला एक जुने पुस्तक म्हटले होते, पुढे सुधारून पुन्हा छापले जाईल असे.

मुलांनो, पुढच्या अंकासाठी प्रत्येकाने पाच ओळी लिहून आणा. तुम्हांला खरी वाटत असलेली आणि नंतर चूक निघालेली एक गोष्ट, आणि ती चूक कशी कळली. पालकांनीही लिहावे, आमची ना नाही. ज्या विद्यार्थिनीने आमच्या चुका दाखवल्या तिचे मनापासून आभार. या लेखातही काही चूक आढळल्यास वर्गात येऊन अवश्य सांगावे. पुढच्या अंकात शुद्धिपत्राची जागा राखून ठेवली आहे.